आठव्या बिटातली मराठी : छोट्या संगणकांवरची युनिक्सची अवजारं

(मालवण इथल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय कानाला जरा परका वाटेल. युनिक्स नावाच्या प्रणालीत मजकुरावर काम करणारी छोटी छोटी अवजारं होती. ती सुरुवातीच्या पर्सनल काँप्युटरवर कशी आली, लोकांनी ती कुठून कुठून मिळवली आणि त्यात आपल्या मराठीचं काय झालं, हे आज सांगायचं आहे. गोष्ट जुनी आहे, पण तिचा हिशेब अजून मिटलेला नाही. शाळेची स्मरणिका, दिवाळी अंक, देवस्थानाचा अहवाल, दशावतारी नाटकाची संहिता, असं काही ना काही १९९०च्या दशकात संगणकावर टाइप करून घेतलेलं तुमच्यापैकी अनेकांकडे असेल. ती फाइल उघडते, छापता येते, पण तिच्यात काही शोधता येत नाही. ‘आचरा’ हा शब्द डोळ्यांना दिसतो आणि संगणकाला सापडत नाही. असं का होतं, आणि त्यावर काय करता येतं, एवढंच आजचं बोलणं.

सुरुवातीला एक योगायोग सांगतो. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याच वर्षी १२ ऑगस्टला आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. म्हणजे आपला जिल्हा आणि पीसी एकाच वयाचे.

तीन टंकलेखक आणि २४ केबी

युनिक्सचा जन्म १९६९चा, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही त्यातली दोन मुख्य नावं. नवं यंत्र मागायला त्यांना काहीतरी कारण हवं होतं. कारण दिलं ते मजकुराचं: कंपनीच्या पेटंट विभागाला अर्ज टाइप करायला, दुरुस्त करायला आणि नीट छापायला सोय हवी होती. १९७१च्या उत्तरार्धात त्या विभागातले तीन टंकलेखक दिवसभर या यंत्रावर काम करत. यंत्राची स्मृती होती २४ केबी. यात १६ केबी प्रणालीला जात आणि ८ केबी वापरणाऱ्याच्या कामाला उरत. आज तुमच्या फोनमधला एक फोटो यात मावणार नाही.

अशा यंत्रावर सगळी कामं करणारा एकच मोठा प्रोग्राम ठेवायला जागाच नव्हती. म्हणून छोटी अवजारं. एक ओळी रचून देतं, त्याचं नाव सॉर्ट. एक लागोपाठ आलेल्या सारख्या ओळी एकत्र करतं आणि सांगितलं तर मोजतंही, ते युनिक. एक ओळी, शब्द आणि बाइट मोजतं, ते डब्ल्यूसी. एक अक्षरामागे अक्षर बदलतं, ते टीआर. हवा तो नमुना असलेल्या ओळी वेचून काढतं ते ग्रेप. त्याची जन्मकथा ब्रायन कर्निघन सांगतात. ली मॅकमाहन यांना ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या जुन्या अमेरिकी निबंधांच्या भाषेचा अभ्यास करायचा होता. मजकूर इतका मोठा की त्या वेळच्या संपादकात, ईडीमध्ये, तो मावेना. थॉम्पसन यांनी ईडीमधला शोधण्याचा भाग तेवढा बाहेर काढून स्वतंत्र प्रोग्राम केला. तो पूर्ण फाइल पोटात घेत नाही. एक ओळ वाचतो, तपासतो, सोडून देतो. पुढे त्याच मॅकमाहन यांनी सेड लिहिलं, जे ओळ वाहती असतानाच तिच्यात दुरुस्ती करतं. १९७७मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांनी ऑक केलं. ओळीतले रकाने ओळखून त्यांच्यावर हिशेब करणारी ती एक छोटी भाषाच आहे.

पण खरी गंमत १९७३मध्ये झाली. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे पाइप आला. पाइप म्हणजे एका अवजाराचं आउटपुट थेट दुसऱ्याच्या तोंडात.

तुम्हाला हे समजवायला रापणीसारखं उदाहरण नाही. जाळं किनाऱ्याला लागलं की काय होतं? एक जण मासळी पाटीत भरतो, दुसरा बांगडे एकीकडे आणि तारले एकीकडे करतो, तिसरा मोजतो, पलीकडे लिलाव चालू. पाटी हातातून हातात जाते. निवडणाऱ्याला मोजता आलंच पाहिजे असं नाही, मोजणाऱ्याला जाळं विणता आलं पाहिजे असं नाही. प्रत्येकाला एकच काम चोख येतं, आणि पाटी कशी धरायची ते सगळ्यांना ठाऊक असतं. युनिक्समधली ही पाटी म्हणजे साध्या मजकुराची एक ओळ.

पीसीवर ही अवजारं का नव्हती?

आता पीसीकडे येऊ. पीसीच्या आधी घराघरांतल्या, छोट्या कचेऱ्यांतल्या संगणकांवर सीपी/एम होतं, स्मृती जास्तीत जास्त ६४ केबी. मग आयबीएमचा पीसी आणि डॉस. १९८३ला डॉसची दुसरी आवृत्ती आली. त्यात युनिक्सवरून उचललेल्या काही गोष्टी होत्या: फोल्डरच्या आत फोल्डर, पाइप, आणि फाइंड, सॉर्ट, मोर ही तीन अवजारं.

दिसायला पाइप तोच, ती उभी रेघ. पण डॉस एका वेळी एकच प्रोग्राम चालवू शके. म्हणून पहिल्या प्रोग्रामचं सगळं आउटपुट आधी डिस्कवर एका तात्पुरत्या फायलीत जाई, तो संपला की दुसरा ती फाइल वाचायला घेई. म्हणजे पाटी हातातून हातात नाही. सगळी मासळी आधी वाळूवर ओतायची आणि मग दुसऱ्याने उचलायला लागायचं. फ्लॉपी ३६० केबीची. ती भरलेली असली, किंवा तिच्यावर लिहायला बंदी केलेली असली, की पाइप मध्येच फुटायचा.

बाकी मर्यादाही होत्याच. फाइंड फक्त जशास तसा शब्द शोधी, नमुना नाही. ‘ओळीच्या सुरुवातीला असलेला’, ‘मध्ये कुठलंही एक अक्षर चालेल’ असं त्याला सांगता येत नसे. सॉर्टला सुमारे ६४ केबीच्या वरची फाइल झेपत नसे. आणि हुकमाची ओळ १२७ अक्षरांपुरती.

यातली मौज बघा. युनिक्स २४ केबीत वाढलं आणि पीसीवर पुढे ६४० केबीपर्यंत स्मृती आली. म्हणजे यंत्र लहान पडलं म्हणून अवजारं नव्हती असं म्हणता येत नाही. ती तिथे कुणी नेऊन ठेवलेली नव्हती, एवढंच.

शोधाशोध

मग लोक ती शोधू लागले. वाटा मुख्यतः चार.

पहिली वाट पुस्तकाची. कर्निघन आणि प्लॉजर यांनी १९७६मध्ये ‘सॉफ्टवेअर टूल्स’ नावाचं पुस्तक काढलं. युनिक्स नसलेल्यांनी ही अवजारं स्वतः कशी बनवायची ते त्यात प्रोग्रामसकट दिलं होतं. १९८१ला पास्कल भाषेतली आवृत्ती आली, आणि पास्कल छोट्या संगणकांवर चालत असे. पुस्तक उघडायचं, टाइप करायचं, आपलं अवजार तयार.

दुसरी वाट विकत घेण्याची. कॅनडातल्या मॉर्टिस कर्न सिस्टिम्स या कंपनीने १९८०च्या दशकात डॉससाठी असा संचच विकायला काढला. तो एमकेएस टूलकिट म्हणून ओळखला जाई.

तिसरी वाट ग्नूची. १९८३मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला: युनिक्ससारखी सगळी प्रणाली, पण मुक्त. ग्नूचं ग्रेप, सेड, ऑक लोकांनी डॉसवर आणलं. १९८९पासून डीजे डेलोरी यांच्या डीजेजीपीपीमुळे ३८६ यंत्रांवर हे काम बरंच सोपं झालं. हे प्रोग्राम सिमटेलसारख्या संग्रहांतून आणि पुढे सीडींवरून फिरत.

चौथी वाट म्हणजे पीसीवरच युनिक्स चढवायचं. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं युनिक्स होतं, झेनिक्स नावाचं, हे आज ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं.

आपल्याकडे सामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ला सुरू झालं. त्याआधी फ्लॉपी हीच पोस्ट आणि ती घेऊन येणारा माणूस हाच पोस्टमन. मासिकांबरोबर सीडी येऊ लागल्या, त्यातून लिनक्स हाती आलं, आणि मग शोधाशोध संपली, कारण लिनक्समध्ये ही अवजारं आधीपासूनच असतात.

पण अवजार मिळालं म्हणजे काम झालं असं नव्हतं. युनिक्समध्ये ओळ एका खुणेने संपते, डॉसमध्ये दोन खुणांनी. युनिक्सचं अवजार डॉसची फाइल वाचू लागलं की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य खूण उरायची आणि ‘ओळीच्या शेवटी अमुक’ हा शोध हुकायचा. सीपी/एमचा एक वारसाही होता. २६ क्रमांकाची खूण म्हणजे फाइल संपली. ती चुकून मध्येच आली तर पुढचा सगळा मजकूर गायब झाल्यासारखा वाटे.

वर्डस्टार आणि आठवा बिट

आता मी मुद्द्याच्या जवळ येतोय. जुन्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये संगणक शिकलेले कुणी इथे असतील, तर त्यांना वर्डस्टार आठवेल.

इंग्रजी अक्षरांची जी क्रमांकवारी आहे, तिला आस्की म्हणतात. तिच्यात ० ते १२७ असे क्रमांक आहेत आणि ते सात बिटांत मावतात. बाइट मात्र आठ बिटांचा. मग आठवा बिट मोकळाच. वर्डस्टारने तो स्वतःच्या खुणांसाठी वापरला. डॉक्युमेंट पद्धतीने लिहिलेल्या फायलीत बहुतेक शब्दांच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट तो चालू करून ठेवी, ओळी जुळवायला बरं पडावं म्हणून. परिणाम असा की पडद्यावर शब्द सरळ दिसे, पण ग्रेपला सापडत नसे, कारण शेवटच्या अक्षराचा क्रमांकच बदललेला. त्यावर साधा उपाय होता. प्रत्येक बाइटचा आठवा बिट पुसून टाकणारं एक छोटं अवजार फायलीवरून फिरवायचं. असे प्रोग्राम त्या काळी बरेच होते. शिवाय जुन्या युनिक्सची काही अवजारंही हा बिट मोकळा आहे असं गृहीत धरून तो स्वतःच्या कामाला घेत.

इंग्रजीवाल्यांच्या दृष्टीने आठवा बिट म्हणजे कचरा. आता बघा, त्या कचऱ्यात कोण राहायला आलं.

मराठी राहायला येते

१९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी जिस्ट नावाचं तंत्र तयार झालं. मोहन तांबे हे त्यातलं प्रमुख नाव. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि ते काम तिकडे गेलं. जिस्टचं कार्ड पीसीत बसवलं की डॉसवरचे साधे, इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्राम देवनागरी दाखवू लागत. प्रोग्रामला पत्ताही नसे. तो आपला क्रमांक पाठवी आणि क्रमांकांवरून जोडाक्षर रचायचं काम कार्ड करी.

त्यामागे क्रमांकांचं एक प्रमाण कोष्टक होतं: इस्की. भारतीय मानक ब्यूरोने ते १९९१मध्ये आयएस १३१९४ म्हणून स्वीकारलं. इस्कीत खालचे १२८ क्रमांक आस्कीचेच ठेवले आणि आपली अक्षरं वरच्या १२८मध्ये बसवली. म्हणजे नेमकी आठव्या बिटात.

‘मालवण’ हा शब्द घ्या. म २०४, काना २१८, ल २०९, व २१२, ण १९३. पाच क्रमांक, पाच बाइट. मोजायला सरळ, शोधायला सरळ. आता या शब्दावरून आठवा बिट पुसणारं अवजार फिरवा. प्रत्येक क्रमांकातून १२८ वजा होतात आणि उरतात ७६, ९०, ८१, ८४, ६५. इंग्रजीत ती अक्षरं आहेत एल, झेड, क्यू, टी, ए. मालवणचं झालं ‘एलझेडक्यूटीए’. मूळ फाइल जपली नसेल तर खेळ खलास.

दुसरं उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १९८६मध्ये एका नियतकालिकासाठी डोनाल्ड नुथ यांनी एक प्रोग्राम लिहिला. मजकुरात सर्वांत जास्त वेळा येणारे शब्द कोणते, ते काढायचं. नुथ यांचा प्रोग्राम देखणा, पण अनेक पानांचा. त्यावर समीक्षा लिहिताना मॅकिलरॉय यांनी सहा ओळींचा पाइप देऊन तेच काम करून दाखवलं. शब्द वेगळे करा, सगळे छोट्या लिपीत आणा, रचा, मोजा, मोठ्या आकड्यापासून रचा, वरचे तेवढे दाखवा. आजही ते शिकवतात आणि शिकवावंच. पण त्याची पहिली पायरी काय सांगते? ‘ए ते झेड सोडून जे काही असेल त्या जागी ओळ तोडा.’ मराठी फाइल यात घातली तर पहिल्याच पायरीला सगळी मराठी नाहीशी. अवजारात दोष नाही. शब्द कशाचा बनतो हे आपण त्याला आपल्या भाषेत सांगायला हवं.

इस्कीतली सर्वांत मोलाची गोष्ट अशी की तिथे उच्चाराचा क्रम पाळला जातो. ‘शिरोडा’ लिहिताना पहिली वेलांटी श च्या आधी दिसते, पण इस्कीत आधी श आणि मग वेलांटी. अक्षराचा क्रमांक एक आणि त्याचं रूप अनेक: अर्धं, पूर्ण, रफार, काहीही. अशी फाइल सॉर्टला द्या, ग्रेपला द्या. आठव्या बिटाला हात न लावणारं कुठलंही अवजार चालतं.

फॉन्टांचं युग

मग विंडोज आलं, डीटीपी आलं, गावोगावी छपाईची दुकानं झाली. त्यांना सुंदर छापील पान हवं होतं. मराठी फॉन्ट आले आणि त्यांनी वेगळाच मार्ग घेतला. अक्षराला क्रमांक देण्याऐवजी अक्षराच्या तुकड्यांना क्रमांक दिले. अर्धा म एक, उभा दंड दुसरा. दोन्ही शेजारी ठेवले की पूर्ण म दिसतो. वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून फायलीतही आधी. रफार अक्षराच्या डोक्यावर नंतर बसतो म्हणून फायलीतही नंतर.

आपल्या जिल्ह्याचं नावच बघा. ‘सिंधुदुर्ग’ इस्कीत असं: स, वेलांटी, अनुस्वार, ध, उकार, द, उकार, र, हलन्त, ग. फॉन्टाच्या फायलीत साधारण असं: वेलांटी, स, अनुस्वार, ध, उकार, द, उकार, ग, रफार. वेलांटी स च्या पुढे पळाली आणि र ग च्या मागे पडला. त्यातही एका कंपनीच्या फॉन्टमध्ये रफाराचा जो क्रमांक, तो दुसरीच्या फॉन्टमध्ये दुसऱ्याच तुकड्याचा. काही फॉन्टांत तर हे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले. फॉन्ट काढला की पान म्हणजे निव्वळ इंग्रजी गिचमिड.

छापण्यापुरतं हे उत्तम होतं. अनेक चांगले अंक त्यामुळेच निघाले, हे विसरता कामा नये. पण छापल्यानंतरची फाइल मजकूर राहिली नाही, ती मजकुराचं चित्र झाली.

पुन्हा थॉम्पसन

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. त्यातला देवनागरीचा तक्ता १९८८च्या इस्कीवरूनच बेतला आहे, म्हणून उच्चाराचा क्रम तिथेही टिकला. पण जगातल्या सगळ्या लिप्यांचे क्रमांक एका बाइटात कसे मावणार? १९९२मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही मांडणी केली. ग्रेप लिहिणारे तेच थॉम्पसन. जुनी अवजारं मोडू नयेत, ही काळजी त्या मांडणीत घेतलेली आहे. मराठीचं प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइट घेतं आणि त्या तिन्ही बाइटांचा आठवा बिट चालू असतो. म्हणजे मराठी आजही आठव्या बिटातच राहते. फक्त आता तो बिट कुणी कचरा समजत नाही.

तरी सगळं आलबेल नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली मोजणीची. ‘मालवण’ आपण चार अक्षरं मोजतो. युनिकोड पाच चिन्हं मोजतो. बाइट होतात पंधरा. अवजार यातलं काय मोजतंय ते आधी तपासा.

दुसरी क्रमवारीची. ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढे आहे. शाळेत आपण ळ हा ह च्या नंतर म्हणतो. नुसत्या क्रमांकांवर रचलं तर ‘काळसे’ आधी आणि ‘कासार्डे’ नंतर. वर्णमालेप्रमाणे उलट.

तिसरी खास आपली. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातला ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसरी, साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडखूण आणि य. दिसायला अगदी सारखं. ग्रेपला मात्र ते दोन वेगळे शब्द. शोधण्याआधी सेडने सगळीकडे एकच तऱ्हा करून घ्या.

जुन्या फायलींचं काय करायचं?

आता कामाचं बोलतो. जुनी फॉन्टातली फाइल सोडवायची असेल तर पायऱ्या अशा.

आधी मूळ फाइल आणि तो फॉन्ट, दोन्हींची प्रत जपून ठेवा. फॉन्ट हरवला तर कुलूप आहे आणि किल्ली नाही, अशी गत होते.

मग कोष्टक करा: फॉन्टातला हा तुकडा म्हणजे युनिकोडमधलं हे चिन्ह. कोष्टक लावताना लांब जोड्या आधी घ्या. ‘अर्धा म आणि दंड’ या जोडीचा म आधी करायचा, उरलेल्या सुट्या अर्ध्या म चा ‘म आणि हलन्त’ नंतर. उलट केलंत तर प्रत्येक म चा पाय मोडेल आणि पुढे एक उपरा काना उरेल.

तिसरी पायरी क्रमाची. पुढे पळालेली वेलांटी तिच्या जोडाक्षराच्या मागे न्यायची. ‘स्थिती’मध्ये ती स आणि थ दोघांना ओलांडून जाईल. रफार मागे न्यायचा, वाटेतल्या मात्रेसकट अक्षर ओलांडून. ‘मूर्ती’मध्ये तो त आणि दुसरी वेलांटी दोन्हींच्या आधी जाईल. ‘आर्थिक’मध्ये दोन्ही कामं एकाच अक्षरावर आहेत, म्हणून तुमची कृती तपासायला हा शब्द उत्तम. सेडमध्ये दोन भाग कंसात धरून त्यांची अदलाबदल करता येते, तेवढं पुरतं.

चौथी पायरी तपासणीची, आणि इथे जुनी अवजारं खरी कामाला येतात. एका ओळीवर एक शब्द करा. मराठीत कुठलाही शब्द काना, मात्रा, वेलांटी किंवा हलन्ताने सुरू होत नाही. तेव्हा ग्रेपला सांगा, अशा चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी दाखव. जे येईल ते नक्की चुकलेलं. मग सॉर्ट आणि युनिक लावून शब्द मोजा. एकदाच आलेले शब्द डोळ्यांखालून घाला, बहुतेक चुका तिथे लपलेल्या असतात. एक चूक सापडली की कोष्टकात दुरुस्त करा आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा चालवा. हाताने एकेक शब्द दुरुस्त करत बसू नका. कोष्टक एकदा बरोबर झालं की त्या फॉन्टातल्या सगळ्याच फायली सुटतात, शेजारच्या गावातल्यासुद्धा.

या अवजारांपैकी एकालाही मराठी येत नाही, कधी येतही नव्हती. त्यांना एवढंच लागतं की एका अक्षराला एकच क्रमांक असावा आणि क्रम बोलण्याचा असावा. ते आपल्या हातात आहे. 

निवडक प्रश्नोत्तरं

*आमच्या मंडळाची जुनी स्मरणिका फक्त छापील उरली आहे. फाइल नाही.*

मग चित्रावरून अक्षर ओळखणारा प्रोग्राम वापरा. टेसरॅक्ट नावाचा मुक्त प्रोग्राम मराठी वाचतो. चुका होतील, पण मी सांगितलेली चौथी पायरी तिथेही तशीच लागू पडते. आणि छापील प्रत टाकून देऊ नका, शेवटचा पुरावा तोच.

*मालवणीत प्रत्येक जण वेगळं लिहितो. कुणी ‘खंय’, कुणी ‘खय’. मग शोधायचं कसं?*

ग्रेपचं बळ इथेच आहे. नमुन्यात ‘हे चिन्ह असेल किंवा नसेल’ असं सांगता येतं. ‘खंय’मधला अनुस्वार ऐच्छिक करा, दोन्ही सापडतील. ‘माका’ आणि गोव्याकडचं ‘म्हाका’ एकत्र हवं असेल तर हलन्त आणि ह ही जोडी मिळून ऐच्छिक करावी लागेल. नुसता ह ऐच्छिक केलात तर ‘माका’ सुटेल, कारण हलन्त तिथेच अडून बसतो. लिहिणाऱ्यांना एकसारखं लिहायला लावण्यापेक्षा शोधणाऱ्याने नमुना नीट लिहावा, हे मला बरं वाटतं.

*हे सगळं शिकायला वय आड येईल का?*

डॉसवर ‘डीआयआर’ टाइप केलेल्या माणसाला मुळीच नाही. आज घरी जाऊन एकच करा. एक जुनी फाइल उघडा, तिच्यातलं तुमच्या गावाचं नाव निवडा, आणि फॉन्ट बदलून एखादा युनिकोड फॉन्ट लावा. नाव वाचता आलं तर मजकूर शाबूत आहे. गिचमिड झाली तर त्या फॉन्टचं नाव वहीत लिहून ठेवा आणि तो फॉन्ट त्या फायलीबरोबर जपून ठेवा. पहिली पायरी तीच.